रात्रीची वही आणि हिशेबतपासनीस

आधी निकाल सांगते, मग कारणं. वही घेण्यासारखी आहे. प्रस्तावनेची शेवटची दोन पानं आणि मागच्या खिशातले हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचे स्टिकर नसते, तर चर्चच्या मंडळीतल्या ओळखीच्या प्रत्येकीच्या हातात ती ठेवली असती. आहे तशीही देईन, पण माणूस बघून.

वस्तू अशी: रोज रात्री दहा-पंधरा मिनिटं देवासमोर बसून सरलेल्या दिवसाकडे मागे वळून पाहायचं, त्यासाठी आखलेली बारा आठवड्यांची वही. आठवड्याला बायबलमधलं एक वचन, त्यावर अर्धं पान मनन, आणि पुढे रोजची दोन समोरासमोरची पानं. स्वतःशी नरमाईनं वागणं हीसुद्धा ख्रिस्ती साधना आहे आणि ती सरावानं जमते, असा तिचा दावा आहे. नाव आणि प्रकाशक मुद्दाम देत नाही. या साच्याच्या वह्या आता बऱ्याच निघतात, आणि मला जे म्हणायचं आहे ते त्यांतल्या बहुतेकींना लागू पडतं.

माझ्याविषयी इतकंच, की मी हिशेब तपासून पोट भरते. दुसऱ्यांच्या खतावणीत न जुळणारा आकडा शोधायचा, त्याखाली रेघ मारायची आणि उत्तर मागायचं. हे डोकं संध्याकाळी कामावरच ठेवून येता येत नाही. त्यामुळे मुखपृष्ठावर 'स्वतःवरही दया' असं वाचलं की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. माझा पूर्वग्रह म्हणून ही नोंद करून ठेवा.

बांधणी शिलाईची आहे, म्हणून वही सपाट उघडी राहते. एका हातानं दाबून धरावी लागत नाही. कागद बऱ्यापैकी जाड. शाईचं पेन मागच्या पानावर उमटत नाही, जेल पेन मात्र वाळायला वेळ लावतं आणि डावखुऱ्यांची फजिती होईल. फीत एकच आहे. आठवड्याच्या वचनाला एक आणि रोजच्या पानाला एक अशा दोन हव्या होत्या, कारण दर रात्री मागे जाऊन वचन शोधत बसावं लागतं.

या सगळ्यात मला सर्वांत शहाणपणाचं वाटलं ते हे, की पानांवर तारीख छापलेली नाही. तारखांच्या वहीत मध्ये चार दिवस गेले की कोरी पानं अंगावर येतात. मग माणूस वहीच मिटून टाकतो, आणि वर 'मला प्रार्थनेची शिस्तच नाही' असा शेरा स्वतःवर मारून मोकळा होतो. इथे खाडा दिसतच नाही. जिथे सोडलं त्याच्या पुढचं पान उघडायचं, बस. कृपेबद्दल मननाच्या परिच्छेदांत बरंच लिहिलंय, पण मला ती या न छापलेल्या तारखांनी जास्त पटवली.

रोजच्या पानाचा साचा वहीवाल्यांनी शोधून काढलेला नाही. तो सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश संत इग्नेशियस लोयोलाचा आहे. १५४८ मध्ये पोप तिसऱ्या पॉलनी मान्यता दिलेल्या त्याच्या साधनापुस्तिकेतला. त्या पुस्तिकेत आत्मपरीक्षणाचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात एखादा ठरावीक दोष धरायचा आणि दिवसाला दोन ओळी आखायच्या. दुपारपर्यंत जितक्यांदा घसरलो तितके ठिपके पहिल्या ओळीवर, रात्रीपर्यंतचे दुसरीवर. मग ओळ ओळीशी, दिवस दिवसाशी, आठवडा आठवड्याशी ताडून पाहायचा. हे वाचून मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं! दुसरा प्रकार पाच पायऱ्यांचा. आधी मिळालेल्या उपकारांबद्दल आभार, मग आपली पापं दिसावीत म्हणून कृपेची मागणी, मग तासातासाचा हिशेब, त्यानंतर क्षमायाचना, आणि शेवटी सुधारण्याचा निश्चय.

वहीनं दुसरा प्रकार घेतला आणि ठिपक्यांची ओळ गाळली. निदान ज्यांच्यासाठी ती काढली आहे त्यांच्या बाबतीत ते बरोबरच झालं. ठिपके मोजण्याचं वेड कुठवर जाऊ शकतं हे खुद्द इग्नेशियसला ठाऊक होतं. १५२१ मध्ये पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडलेला हा लढवय्या पुढच्या वर्षी मान्रेसाला राहिला, तेव्हा जुन्या पापांनी त्याला पछाडलं. सविस्तर, लेखी कबुली देऊन झाली होती, तरी काहीतरी सांगायचं राहिलं असंच वाटे. पुन्हा कबुली, पुन्हा शंका. त्यानं आठवडाभर अन्न सोडलं. जीव द्यावा असेही विचार येत. जुन्या पापांची पुन्हा कबुली द्यायचीच नाही असं पक्कं ठरवलं, तेव्हा कुठे तो त्यातून मोकळा झाला. ज्याच्या नावावर हिशेबाची ही पद्धत चालते तो माणूस स्वतःच्याच हिशेबाखाली चिरडता चिरडता वाचला होता. वहीच्या प्रस्तावनेनं हा प्रसंग एका ओळीत उरकलाय. मी त्याला दोन पानं दिली असती आणि जागा करण्यासाठी शेवटची ती दोन पानं काढली असती. त्यांच्याकडे येतेच.

आभार पहिले का, याचंही कारण मला माझ्या कामातून समजतं. मी कागद कोणत्या क्रमानं मागते यावर मला काय सापडणार हे बरंचसं ठरतं. आधी तक्रारींची फाइल उघडली की पुढचा प्रत्येक कागद संशयितच दिसतो. वहीत 'आज काय मिळालं' याला सात ओळी आहेत आणि 'कुठे चुकलं' याला पाच. कोणीतरी या दोन ओळींच्या फरकावर विचार केलाय असं मी धरून चालते. नसेल केला, तरी चांगलंच जमून आलंय.

आमच्या पेशात एक नियम फार कडक आहे: स्वतः लिहिलेली हिशेबाची पुस्तकं स्वतः तपासायची नाहीत. माणूस अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे. जिनं नोंदी केल्या तिला त्या परक्या नजरेनं दिसत नाहीत. कधी ती स्वतःला सूट देते, कधी नको तितकी कडक होते, आणि दोन्ही वेळा अहवाल कुचकामी ठरतो. आता, रात्रंदिवस स्वतःला फटकारणाऱ्या माणसाला आपण नम्र समजतो. मंडळीत तर त्याचं कौतुकही होतं. मला त्यात नम्रता दिसत नाही. तो न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसलाय, आणि ती खुर्ची त्याची नाही. प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात जवळजवळ हेच म्हणतो. तुम्ही माझा न्यायनिवाडा केलात तर मला त्याचं फारसं काही नाही, मी स्वतःही माझा न्यायनिवाडा करत नाही. माझं मन मला टोचत नाही, पण तेवढ्यानं मी निर्दोष ठरत नाही, माझा निवाडा करणारा प्रभू आहे. मन खातंय म्हणून दोषी नाही, आणि मन खात नाही म्हणून सुटलो असंही नाही. योहानाच्या पहिल्या पत्रातही (३:२०) आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तेव्हा देव आपल्या मनापेक्षा थोर आहे असं म्हटलंय, आणि त्याला सर्व ठाऊक आहे हेही लगेच जोडलंय. हा शेवटचा तुकडा लोक धमकी म्हणून वाचतात. मी तो दिलासा म्हणून वाचते. अर्धे कागद बघितलेला तपासनीस आरडाओरडा करतो. सगळे बघितलेला बहुतेक वेळा समजून घेतो.

वहीचा चौथा आठवडा याच दोन वचनांवर आहे. ज्यांना बारा आठवडे झेपणार नाहीत त्यांनी निदान हा एक तरी करावा.

रोजच्या पानांवर येते. डाव्या पानाच्या तळाशी एक चौकट आहे: आज मी स्वतःला काय म्हटलं, शब्दशः. सारांश नको, शब्दशः. तिच्या समोर उजव्या पानावर कोरी चौकट, आणि एवढीच सूचना: आठवड्याचं वचन मोठ्यानं वाचा, थांबा, मग लिहा. वहीचा सगळा जीव या दोन चौकटींत आहे. बाकी आखणी इकडची तिकडे झाली तरी चालेल.

माझ्या डाव्या चौकटीत 'ढोंगी' हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. प्रकरण काय, तर कामाच्या धबडग्यात रात्री प्रार्थनेला बसलं की डोळा लागायचा. त्या आठवड्याचं वचन येशूच्या अटकेच्या रात्रीचं, गेथशेमाने बागेतलं होतं, मार्क १४. शिमोना, झोपलास काय, एक तासही जागवलं नाही का, असं प्रभू आपल्या शिष्याला विचारतो. आणि आत्मा उत्सुक आहे खरा पण देह अशक्त आहे, हेही त्याच दमात तोच म्हणतो. झोपेला झोप म्हटलंय. जागे राहा, प्रार्थना करा, असं बजावलंयही. ढोंगी मात्र म्हटलेलं नाही. तो शब्द त्यानं ज्यांच्यासाठी वापरला ते परूशी, म्हणजे त्या काळचे कर्मठ धर्मपंथी, प्रार्थनेत पेंगणारे नव्हते, चांगले चव्हाट्यावर उभे राहून करणारे होते. उजव्या चौकटीत मी लिहिलं, 'देह अशक्त. जेवणाआधी बसावं.' आणि वेळ बदलली. इतकं साधं उत्तर 'ढोंगी' या शब्दाखाली दबून राहिलं होतं, याची मला गंमत वाटली.

या चौकटींची कल्पना कुठून घेतली ते वहीत लिहिलेलं नाही. मला तिच्यात फ्रान्सिस डी सेल्सचा सूर ऐकू येतो. जिनिव्हाच्या या बिशपनं १६०९ साली छापलेल्या भक्तिजीवनावरच्या पुस्तकात, तिसऱ्या भागाचं नववं प्रकरण स्वतःशी सौम्य असण्यावर खर्च केलंय. आपण रागावलो म्हणून स्वतःवर रागावणारी, चिडलो म्हणून चिडणारी माणसं त्यानं चांगली ओळखली होती. घसरलात तर हृदयाला शिव्याशाप देऊ नका, बिचाऱ्याला समजावा, जो खड्डा टाळायचा होता त्यातच पडलो खरे, पण आता उठू या म्हणा, असा त्याचा सल्ला. कारणही व्यवहारी देतो: बापानं शांतपणे समजावलेलं मूल संतापून झापलेल्या मुलापेक्षा जास्त सुधारतं. दोष सोडून द्या असं तो कुठेही म्हणत नाही. तो उलट म्हणतो, की सुधारायचंय ना, मग ओरडू नका.

सातवा आठवडा एलीयाचा, आणि तो वहीतला सर्वांत भक्कम. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला संदेष्टा ईजबेल राणीच्या एका धमकीनं रानात पळतो, झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. कारण सांगतो, मी माझ्या पूर्वजांपेक्षा चांगला नाही. (१ राजे १९. तुलना करून स्वतःला नापास करण्याची खोड जुनीच आहे म्हणायची.) देव त्यावर वाद घालत नाही. झोप, मग देवदूताचा हात, भाकर आणि पाणी, पुन्हा झोप, पुन्हा भाकर, कारण पुढची वाट तुला झेपण्यासारखी नाही. चाळीस दिवस चालून होरेबला पोचल्यावर मग विचारपूस: तू इथे काय करतोस? तिथे एलीया म्हणतो, मी एकटाच उरलो. आता मात्र देव हजाएल आणि येहू यांना राजे म्हणून आणि अलीशाला संदेष्टा म्हणून अभिषेक करायचं काम हातात देतो. आणि शेवटी आकडाही दुरुस्त करतो: एक नाही, सात हजार. मननात या क्रमावर बोट ठेवलंय ते मला फार आवडलं. आधी अन्न आणि झोप, मग काम, मग चुकीच्या आकड्याची दुरुस्ती. आपण तिन्ही उलटे करतो. दमलेल्या माणसाला आधी त्याचा आकडा चुकला म्हणून झापतो, मग काम सांगतो, आणि झोपेचं बघू म्हणतो.

आता लाल पेन.

लुका पाचोली हा फ्रान्सिस्कन संन्यासी. हिशेबाची दुहेरी नोंदीची पद्धत पहिल्यांदा छापून प्रसिद्ध केली ती यानं, १४९४ साली व्हेनिसमध्ये. जमाखर्चाची पुस्तकं देवाच्या नावानं सुरू करावीत असं तो व्यापाऱ्यांना सांगतो. त्या पद्धतीत एका बाजूची नोंद दुसऱ्या बाजूशिवाय पुरी होत नाही. वहीच्या दुसऱ्या आठवड्यात अशीच एक अर्धी नोंद आहे. 'अहो कष्टी व भाराक्रांत जनहो' हे मत्तय ११:२८ तिनं मोठ्या सुबक अक्षरात छापलंय, आणि 'विसावा' या शब्दावर थांबलीय. पुढच्या वचनातलं जू गाळलं. जू म्हटलं की वाचक बिचकेल अशी भीती वाटली असावी. पण प्रभू स्वतःला मनाचा सौम्य व लीन म्हणतो तो नेमका त्याच गाळलेल्या वचनात! नरमाई शिकवणाऱ्या वहीनं नरमाईचा पुरावाच फाइलमधून काढून टाकलाय. त्याच्याकडून शिका, असंही तिथेच म्हटलंय. सौम्यपणा शिकण्याची गोष्ट आहे हा वहीचा आपला दावा, आणि त्याला याहून चांगला आधार मिळाला नसता.

प्रस्तावनेच्या शेवटच्या दोन पानांचा दोष यापेक्षा मोठा. 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' यातून तिथे असा निष्कर्ष काढलाय, की आधी स्वतःवर पुरेसं प्रेम करा, मगच दुसऱ्याची पाळी. देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या दोन आज्ञा प्रभूनं सांगितल्या, तीन नाहीत. स्वतःवर प्रेम करण्याची वेगळी आज्ञा लागत नाही हे संत ऑगस्टीननं फार पूर्वी लिहून ठेवलंय. या वाचनाप्रमाणे चाललं तर शेजारी बिचारा दाराबाहेर उभाच राहील, कारण 'पुरेसं' कधी झालं हे ठरवणार कोण? मीच. म्हणजे पुन्हा त्याच खुर्चीत.

याउलट आमच्यातल्या काही ज्येष्ठांना हा सगळा खटाटोपच लाड वाटतो. स्वतःला नाकारून वधस्तंभ उचलायला सांगितलंय, स्वतःला गोंजारायला नाही, असं एका आजोबांनी वही चाळून मला ऐकवलं. त्यांचा मुद्दा हलका नाही. मी त्यांना बर्नार्डची गोष्ट सांगितली. क्लेअरवोच्या या मठाधिपतीचा एक शिष्य ११४५ मध्ये पोप झाला, तिसरा यूजिन. दरबारी खटल्यांत आणि लोकांच्या रांगेत तो बुडून गेला. बर्नार्ड काही ऐशआरामाचा भोक्ता नव्हता, उपासांनी स्वतःची प्रकृती बिघडवून घेतलेला माणूस. त्यानं पोपला लिहिलं, की तू सगळ्यांचा आहेस तर त्या सगळ्यांत तूही येतोस; जो स्वतःशी वाईट वागतो तो कुणाशी चांगला वागणार? आजोबा म्हणाले, पोपांचं सोडा. पण वही दोन दिवस ठेवून घेतली.

मानसशास्त्राचं एक पानही आहे. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये मांडलेले आत्मकरुणेचे तीन भाग त्यात नीट दिलेत: स्वतःशी ममतेनं वागणं, सगळ्याच माणसांचं असं होतं ही जाण, आणि जे वाटतंय ते न दाबता, न फुगवता पाहणं. पान उपयोगी आहे. त्यावर 'विज्ञानानंही वचन सिद्ध केलं' असा मथळा द्यायची गरज नव्हती. नेफ यांना ही वाट बौद्ध विचारातून सापडली, हे त्या स्वतः सांगतात. ते प्रामाणिकपणे लिहिलं असतं तरी कुणाचा विश्वास डळमळला नसता. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला मात्र एक चांगली सूचना आहे: मन फार काळ खचलेलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. ती ठळक अक्षरात आहे, आणि तशीच हवी.

सर्वांत जास्त खटकलं ते न छापलेलं पान. बारा आठवड्यांत एकदाही वही मला उठून कुणाकडे जायला सांगत नाही. मी कुणाला दुखावलं असेल तर माझी उजवी चौकट कितीही मऊ भाषेत भरली तरी समोरच्याच्या खात्यावरची बाकी तशीच राहते. वेदीपाशी दान ठेव, आधी भावाशी समेट कर, असं मत्तय ५ मध्ये स्पष्ट आहे, आणि आत्मपरीक्षणाच्या वहीत त्याला निदान एक आठवडा मिळायला हवा होता. मी शेवटच्या कोऱ्या पानांवर हातानं रकाना आखून घेतला: कुणाला भेटायचं, काय परत करायचं. तुम्हीही आखून घ्या, पट्टी लागेल.

कुणासाठी आहे? जे स्वतःला सतत फोडून काढतात त्यांच्यासाठी नक्की. सेवेत राबणाऱ्यांसाठी, घरच्या आजाऱ्यांचं करणाऱ्यांसाठी, रविवारच्या उपदेशातलं प्रत्येक वाक्य आपल्यालाच उद्देशून होतं असं वाटणाऱ्यांसाठी. ज्यांचं स्वतःशी आधीच छान जमतं त्यांना मी पहिल्या प्रकारची, ठिपक्यांची वही सुचवीन.

आणि गट चालवणाऱ्यांना एक विनंती. ही वही गृहपाठ म्हणून वाटू नका, भरली की नाही ते तपासू नका, आणि डाव्या चौकटी कुणालाही मोठ्यानं वाचायला लावू नका. उजव्या वाचायच्या असतील तर ज्याच्या त्याच्या मर्जीनं.